कमी चाललेली गाडी : नेरूळमधल्या एका जुन्या ५२० डी चे प्रकरण

गेल्या नोव्हेंबरात माझ्या भाच्याने नेरूळमधल्या एका जुन्या बीएमडब्ल्यूसाठी २५ हजार रुपये टोकन दिले आणि ते देऊन झाल्यावर मला फोन केला. "मामा, गाडी बघायला येतोस का? एकच मालक, तेही डॉक्टर, आणि फक्त सत्तेचाळीस हजार चाललीय," असे तो म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद इतका स्पष्ट होता, की टोकनची पावती घेतलीस का, हे विचारणे मला जड गेले. पावती घेतलेली नव्हती.

मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून मी ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण या पट्ट्यात तीस वर्षांहून अधिक काळ काम केले. ठोकलेल्या, जळालेल्या आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासून त्यांचे नुकसान ठरवणे हेच माझे काम होते. ओळखीतले लोक आजही जुनी गाडी घेण्याआधी विचारायला येतात आणि गेल्या काही वर्षांत त्यातले बरेच प्रश्न दहा-बारा वर्षे जुन्या जर्मन गाड्यांचे असतात. म्हणून हे एक प्रकरण, भाच्याच्या घरच्यांच्या संमतीने आणि नावे वगळून, आकड्यांसह सविस्तर लिहितो आहे.

गाडी होती बीएमडब्ल्यू ५२० डी, कंपनीच्या भाषेत एफ १० पिढीची. २०१३ साली बनलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये वाशी आरटीओत, म्हणजे एमएच ४३ वर, नोंदवलेली. इंजिन १९९५ सीसीचे डिझेल, १८४ अश्वशक्तीचे, आणि गिअरबॉक्स आठ गिअरचा ऑटोमॅटिक. मालकांनी १२ लाख सांगितले होते आणि मधल्या एजंटने साडेअकरापर्यंत आणून देतो असे कबूल केले होते. भाचा वाघबीळला राहतो आणि महापे एमआयडीसीत नोकरीला जातो. त्याची बायको मुलीला मानपाड्याच्या शाळेत सोडून पुढे ठाणे स्टेशनजवळच्या आपल्या ऑफिसला जाते. घरात २०१६ सालची पेट्रोल होंडा सिटी आहे आणि तीच एकमेव गाडी. ती विकून ही घ्यायची, असा त्याचा बेत होता.

या बेताला मी पहिल्या दिवसापासून वेडेपणा म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. नवी असताना ही गाडी चाळीस-पन्नास लाखांच्या घरातली होती, आणि २०१० साली युरो एनकॅपच्या धडक चाचणीत हिच्या पिढीला पाच तारे मिळालेले आहेत. माझ्या कामाच्या काळात या जातीच्या गाड्यांचे पुढचे तोंड पार आत गेलेले असताना दरवाजे मात्र हाताने उघडलेले मी पाहिले आहेत, आणि ज्याने असे दृश्य पाहिले आहे त्याला या गाड्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. शिवाय भाच्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती. माझे दाजी, म्हणजे त्याचे वडील, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभे राहिले आणि निवृत्त होईपर्यंत स्कूटरवर फिरले. त्यांना एकदा तरी अशा गाडीच्या मागच्या सीटवर बसवून गावी न्यायचे, हे त्याने कॉलेजात असताना ठरवले होते. अशी इच्छा हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही, पण ती निर्णयातून वगळणेही मला बरोबर वाटत नाही.

कागद, पाणी आणि मीटर

कागदपत्रांचे काम लवकर उरकले. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी मालकाच्याच नावावर दिसत होती, बँकेचा बोजा फॉर्म ३५ देऊन उतरवलेला होता, तीन ई-चलने बाकी होती आणि पीयूसी चालू होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानुसार ही नोंदणी जानेवारी २०२९ पर्यंत होती. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून आणि पर्यावरण कर भरून एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते, परंतु पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या डिझेल गाडीला बाजारात भाव देणारे गिऱ्हाईक फार कमी असते. म्हणजे भाच्याच्या हातात खऱ्या अर्थाने तीनच वर्षे होती, आणि पुढचा सगळा हिशेब मी त्या तीन वर्षांवर मांडला.

एजंटने त्याला दिल्ली पासिंगची अशीच एक गाडी सव्वाआठ लाखांत सुचवली होती, तिचाही उल्लेख करतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आले आणि तिथल्या अनेक चांगल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या. मात्र फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नव्या नंबरची नोंदणी हे सगळे धरले की तो स्वस्तपणा बराच आटतो, आणि गाडीचा इतिहास आपल्याला चालत जाऊन विचारता येईल अशा अंतरावर राहत नाही. नेरूळची गाडी निदान आपल्या डोळ्यांसमोरची होती.

त्यानंतर मी पाण्याची खूण शोधली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरचे कित्येक महिने मी बुडालेल्या गाड्यांमध्ये घालवले, आणि तेव्हापासून कोणतीही जुनी गाडी पाहताना माझा हात आधी सीटबेल्टकडे जातो. बेल्ट खांबातून पूर्ण बाहेर ओढायचा, शेवटच्या हातभर पट्टीवर बोट फिरवायचे आणि ते बोट उजेडात धरायचे. गाडी कितीही धुतली, पॉलिश केली, सीट बदलल्या, तरी पट्टीच्या त्या टोकाच्या विणीत बसलेला बारीक गाळ सहसा कोणी काढत नाही. या गाडीचे चारही बेल्ट स्वच्छ होते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज नव्हता. या गाडीची बॅटरी डिकीत उजव्या अंगाला असते, तिच्या खालचा पत्राही कोरडा होता. गाडी पाण्यात गेलेली नाही, याबद्दल माझी खात्री झाली.

मीटरबद्दल मला जास्त शंका होती, कारण बारा वर्षांत ४७ हजार म्हणजे वर्षाला सरासरी चार हजारसुद्धा नाहीत. मीटर मागे फिरवणे ही बाजारातली जुनी विद्या आहे. पण या गाड्यांत अंतराची नोंद फक्त समोरच्या मीटरमध्ये नसते. ती आतल्या इतर संगणकांमध्ये आणि चावीतसुद्धा असते. डॉक्टरांनी सर्व्हिसची फाइल नीट ठेवली होती, त्यातल्या तारखा आणि किलोमीटर ओळीने जुळत होते, चावीतली नोंदही तीच होती, आणि ब्रेकच्या पॅडलचे रबर अजून खरखरीत होते. ४७ हजार हा आकडा खरा होता.

तो खरा आहे हे कळल्यावर भाच्याचा चेहरा खुलला, आणि माझी काळजी मात्र तिथूनच सुरू झाली.

वर्षाला चार हजार किलोमीटर

आपल्याकडे जुन्या गाडीची सर्वांत मोठी शिफारस "कमी चाललेली" ही असते. त्यात तथ्य नक्की आहे. परंतु कमी चालणे म्हणजे काय, हे विचारावे लागते. डॉक्टरांचे घर नेरूळला आणि दवाखाना सीवूड्सला, अंतर तीन-साडेतीन किलोमीटर. सकाळी जायचे, दुपारी घरी यायचे, संध्याकाळी पुन्हा जायचे. एवढ्या अंतरात डिझेल इंजिन पुरते तापतही नाही. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, त्याची काजळी आणि थोडे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, आत जमलेला ओलावा वाफ होऊन निघून जात नाही, आणि इंजिनात परत फिरवल्या जाणाऱ्या धुराच्या मार्गात, म्हणजे ईजीआरमध्ये, काजळीचे थर बसत जातात. लांबच्या प्रवासात वर्षाला वीस हजार किलोमीटर पळालेली गाडी या बाबतीत कितीतरी सुदृढ असू शकते.

याला उपाय एकच आहे : किलोमीटर झाले नसले तरी तेल वर्षाच्या वर्षाला बदलणे. फाइल पुन्हा उघडली तेव्हा दिसले, की २०१९ पर्यंत हे नियमाने झाले होते, आणि नंतरच्या सहा वर्षांत तेल फक्त दोनदा बदललेले होते. "अहो, गाडी चाललीच कुठे? कोविडमध्ये तर उभीच होती," असे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या जागी दुसरा कोणीही हेच म्हणाला असता. त्यांनी काहीही लपवले नव्हते.

तेलाचा प्रश्न या गाडीत इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी इंजिनाची रचना पाहावी लागते. या काळातल्या बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनाचे सांकेतिक नाव एन ४७. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. चेन ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते त्या झिजतात, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर काम करतो. चेन तुटली किंवा दात सोडून सरकली, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन कामातून जाते. २०११ पूर्वीच्या एन ४७ इंजिनांबद्दल या चेनच्या तक्रारी जगभर झाल्या आणि नंतर सुट्या भागांत सुधारणाही झाल्या. त्यामुळे २०१३ ची गाडी त्या मानाने सुरक्षित समजली जाते. पण सुधारलेली चेनसुद्धा त्याच तेलात फिरते, आणि जुने, काजळीने जड झालेले तेल तिचे आयुष्य कमी करते. चेन बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि खर्चाचा मोठा भाग त्या मजुरीचा असतो.

रविवार, सकाळी सात

आम्ही पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता, अकराची वेळ. गाडी धुऊन, पुसून सोसायटीच्या गेटपाशी उभी होती. मी बॉनेटवर तळहात ठेवला, तर तो चांगलाच तापलेला. एजंट म्हणाला, "साहेब, वॉशिंगला नेली होती." ते खरेही असेल. तापलेल्या इंजिनात चेनचा आवाज लपतो, म्हणून मी गाडी सुरूच करू दिली नाही. डॉक्टरांना विनंती केली, की आज रात्री गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी करा, चावी तुमच्याकडेच ठेवा आणि उद्या सकाळी आम्ही येईपर्यंत कोणालाही सुरू करू देऊ नका. त्यांनी लगेच होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तळघरात आम्ही पाच जण होतो : डॉक्टर, एजंट, भाचा, तुर्भ्याच्या गॅरेजमधला माझ्या जुन्या ओळखीचा मेकॅनिक आणि मी. बॉनेट थंडगार होता. तळघरात आवाज घुमतो, म्हणून मी सर्वांना गप्प राहायला सांगितले आणि भाच्याला बटण दाबायला लावले. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले, आणि त्याच वेळी पत्र्यावरून खिळा ओढावा तसा एक कोरडा, खरखरीत आवाज आला. तो दोन-तीन सेकंद टिकला आणि डिझेलच्या नेहमीच्या टकटकीत मिसळून गेला. तो पुढून, इंजिनाच्या बेल्टच्या बाजूने आला नव्हता. तो समोरच्या काचेच्या बाजूने, म्हणजे इंजिनाच्या मागून आला होता. मेकॅनिकने बंद करायला सांगितले, दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले, तेव्हा तो जवळजवळ नव्हताच. मग त्याने लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर इंजिनाच्या मागच्या अंगाला टेकवून मूठ कानाला लावली, भाच्याला पॅडल किंचित दाबून दीड हजारावर धरायला सांगितले, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. उठल्यावर त्याने फक्त मान हलवली आणि तो स्क्रू ड्रायव्हर डॉक्टरांच्या हातात दिला.

डॉक्टरांनी आयुष्यभर स्टेथोस्कोप वापरला होता. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी ऐकले, पुन्हा जागा बदलून ऐकले, आणि म्हणाले, "हा आवाज मी बारा वर्षांत कधी ऐकला नाही. मी आत बसतो, काचा बंद असतात, एसी चालू असतो." तो माणूस खरे बोलत होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

एजंटने मोबाइलवर स्कॅनरचा रिपोर्ट पुढे केला. त्यात एकही बिघाड नोंदलेला नव्हता. तो रिपोर्टही खराच होता. चेनची सुरुवातीची झीज संगणकाला कळत नाही. ती कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. स्कॅनर लावू नये असे मी म्हणत नाही, तो लावावाच, पण केवळ त्याच्या भरवशावर कोणी साडेअकरा लाख देऊ नयेत, असे मला फार कळकळीने वाटते.

त्याच दिवशी डॉक्टरांच्या परवानगीने गाडी तुर्भ्याला लिफ्टवर घेतली. पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरे, फाटलेले होते. रबर किलोमीटरने नव्हे, वर्षांनी म्हातारे होते. मागचे दोन शॉकअप ओले होते. टायरच्या कडेला २३१८ हे आकडे होते, म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातले, सात वर्षांचे. नक्षी पुष्कळ शिल्लक, पण बाजूच्या भिंतीला केसासारख्या चिरा. हे टायर रनफ्लॅट असतात, हवा गेली तरी सावकाश ८० किलोमीटरपर्यंत चालतात, आणि त्यांच्या भरवशावर कंपनी स्टेपनी देत नाही. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्याने ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गिअरबॉक्सचे तेल कधीच बदललेले नव्हते. गाडीची कंपनी ते आयुष्यभराचे मानते, परंतु तो गिअरबॉक्स जी झेडएफ कंपनी बनवते, ती वापराप्रमाणे ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे झाल्यावर तेल बदलायला सांगते. कुलंटची पातळी बरोबर होती, ती मी मुद्दाम दोनदा पाहिली. कारण २०१८ साली दक्षिण कोरियात ५२० डी ला आगी लागल्यावर लाखाहून अधिक बीएमडब्ल्यू गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्याचे कारण ईजीआरच्या कूलरमधून गळणारे कुलंट हेच होते. या गाडीत गळती नव्हती, ईजीआरमध्ये काजळी मात्र भरपूर होती.

वहीतला हिशेब

त्या रात्री वाघबीळला सुनेने, म्हणजे भाच्याच्या बायकोने, वही उघडली. ती मला म्हणाली, "मामा, तुम्ही फक्त आकडे सांगा, बेरीज मी करते. यांना गाडी आवडलीय, ते मला दिसतंय. मला फक्त कळू द्या, आपण काय घेतोय."

मेकॅनिकने लिहून दिलेला अंदाज असा होता : चेन, पट्ट्या, टेन्शनर आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मिळून १ लाख ९० हजार, चार टायर ९६ हजार, बुश आणि मागचे शॉकअप ८४ हजार, गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टरसकट त्याचा तळ ४२ हजार, ईजीआर आणि इनटेकची सफाई व थर्मोस्टॅट ३८ हजार, बॅटरी आणि ती गाडीच्या संगणकात नोंदवून घेणे ३० हजार. एकूण ४ लाख ८० हजार. हे अधिकृत सर्व्हिस सेंटरचे नव्हे, बाहेरच्या गॅरेजचे दर होते. किंमत साडेअकरा धरली तर गाडी रस्त्यावर विश्वासाने चालवण्याजोगी होईपर्यंत १६ लाख ३० हजार लागणार होते.

सुनेने विचारले, की गाडी बारा लाखांची असेल तर तिची कामे पाच लाखांची कशी. या प्रश्नाचे उत्तर हेच या संपूर्ण प्रकरणाचे मर्म आहे, असे मी मानतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. बारा वर्षांनी ही गाडी होंडा सिटीच्या भावात मिळाली, तरी तिचा शॉकअप, तिचा दिवा, तिचा आर्म हे पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात.

विम्याची बाजू मला तोंडपाठ आहे, आणि लोक तिकडे सर्वांत कमी लक्ष देतात. एवढ्या जुन्या गाडीला झीरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे, संरक्षण सहसा मिळत नाही. ते नसेल, तर दाव्यात प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणजे साध्या ठोकरीत बंपर आणि दिवा गेला, तरी जवळजवळ निम्मा खर्च खिशातून जातो. साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनाने पाणी ओढून पिस्टन अडकले, तर वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले नसल्यास साध्या पॉलिसीत ते बसत नाही. आणि भाच्याचा महाप्याचा रस्ता विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जातो, जिथे मोठ्या पावसात पाणी साचते. डॉक्टरांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो त्यांचाच राहतो. पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, हेही मी तिला वहीत लिहायला लावले.

इंधनात मात्र फरक नव्हता. महिन्याला बाराशे किलोमीटर धरले, तर या गाडीचे डिझेल ९ हजार ८०० रुपयांचे आणि सिटीचे पेट्रोल १० हजार ४०० रुपयांचे. तो मुद्दा आम्ही सोडून दिला. विमा ४५ हजार, सर्व्हिस ६० हजार आणि अचानक येणाऱ्या कामांसाठी १ लाख, असे वर्षाला २ लाख ५ हजार धरले; तीन वर्षांचे ६ लाख १५ हजार झाले. २०२९ च्या सुरुवातीला साडेतीन लाख परत येतील असे मानले. तीन वर्षांत १८ लाख ९५ हजार, म्हणजे इंधन सोडून महिन्याला सुमारे ५२ हजार ६०० रुपये. सिटी तशीच ठेवली, तर तिची घटणारी किंमत, विमा आणि देखभाल मिळून हाच आकडा साडेदहा हजारांच्या आसपास येत होता. सुनेने दोन्ही आकडे खाली रेघ मारून लिहिले आणि वही भाच्याकडे सरकवली. ती काहीच बोलली नाही.

पैसे कुठून आणायचे ठरले होते, तेही त्याच पानावर होते : सिटीचे साडेचार लाख, मुदत ठेवीचे पाच लाख आणि वैयक्तिक कर्जाचे दोन लाख. इतक्या जुन्या गाडीला बहुतेक बँका वाहन कर्ज देत नाहीत, म्हणून वैयक्तिक कर्ज. एकूण साडेअकरा. कामांच्या ४ लाख ८० हजारांसाठी त्या पानावर जागाच नव्हती.

मी काय म्हणालो

भाच्याने शेवटी सरळ विचारले, "मामा, तू माझ्या जागी असतास तर?"

मी त्याला सांगितले, की गाडी वाईट नाही आणि चेन हे दुरुस्त होणारे काम आहे. ते एकदा नीट झाले की हे इंजिन पुष्कळ चालते. माझी हरकत दोन गोष्टींना होती. पहिली म्हणजे किमतीत या कामांचा विचार नव्हता. दुसरी, आणि माझ्या दृष्टीने मोठी, म्हणजे ही घरातली एकमेव गाडी होणार होती. अशा गाडीचा भाग मागवावा लागतो, येईपर्यंत ती आठ-पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहते, आणि त्या दिवसांत मुलीची शाळा, सुनेचे ऑफिस आणि पावसाळा थांबत नाहीत. सिटी घरात राहणार असेल, दुरुस्तीचे चार-पाच लाख वेगळे काढलेले असतील आणि गाडी आठ लाखांच्या आसपास मिळत असेल, तर मी स्वतः त्याच्याबरोबर वाशी आरटीओत मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायला गेलो असतो. यातली एकही अट त्या दिवशी पुरी होत नव्हती.

त्याला वाईट वाटले, आणि ते मला दिसत होते. दाजी तोपर्यंत गप्प बसून होते. ते एवढेच म्हणाले, "अरे, मला गावी न्यायचंय ना? सिटीने नेलंस तरी मी मागेच बसेन."

सोमवारी आम्ही डॉक्टरांना मेकॅनिकचा लेखी अंदाज नेऊन दाखवला आणि सव्वाआठ लाखांचा भाव सांगितला, तोही भाच्याला सिटी न विकता पैसे उभे करता आले तरच, हे स्पष्ट करून. त्यांनी कागद शांतपणे वाचला. पावणेअकराच्या खाली देण्याची त्यांची तयारी नव्हती, आणि आपल्या वस्तूचा भाव ठरवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. टोकनबद्दल एजंट टाळाटाळ करू लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला समोर बसवून पैसे परत करायला लावले. अंदाजाची एक प्रत त्यांनी आमच्याकडून मागून घेतली. पुढच्या गिऱ्हाइकाला आधीच दाखवीन, असे म्हणाले.

आणि त्यांनी ते केले. जानेवारीत गाडी ९ लाख ४० हजारांना गेली. घेणारा कल्याणचा, स्वतःचे गॅरेज असलेला माणूस. त्याला मजुरी पडणार नव्हती, गाडी अडली तर घरात दुसरी होती, आणि चेनचा कागद वाचूनच त्याने भाव केला होता. त्याच्यासाठी तो सौदा योग्य होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारीत डॉक्टरांचा फोन आला. नव्या मालकाने गिअरबॉक्स उतरवला होता आणि फोटो पाठवले होते. चेन सैल पडलेली होती, एका पट्टीवर खोल चरा गेलेला होता, पण काही तुटलेले नव्हते. आणखी वर्षभर चालली असती किंवा पुढच्या महिन्यात गेली असती, सांगता येत नाही, असे तो माणूस म्हणाला होता. मी ते फोटो भाच्याला पाठवले. त्याने सिटीला नवे टायर टाकले आहेत, मुदत ठेव जागेवर आहे, आणि जानेवारीपासून तो दरमहा २५ हजार एका वेगळ्या खात्यात टाकतो आहे. फोटो पाहून त्याने एकच प्रश्न विचारला : २०१७ नंतरच्या गाड्यांत ही चेन कुठल्या बाजूला असते. मी सांगितले, की ती त्यांतही मागेच असते, म्हणून तेलाची फाइल आधी मागायची आणि बघायला सकाळी सातलाच जायचे.